फेस धरेपर्यंत

एप्रिलच्या दुपारी जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की काही घरांतून एक बारीक, न थांबणारा आवाज येऊ लागतो. स्टीलच्या वाटीत चमचा फिरत असतो. वाटीत कॉफीची पूड, तेवढीच साखर आणि चमचा-दोन चमचे पाणी. सुरुवातीला आवाज खरखरीत येतो, कारण साखरेचे दाणे वाटीच्या कडेला घासत असतात. साखर विरघळत जाते तसा तो मऊ होतो आणि शेवटी नुसता धातूवर धातू वाजल्याचा ठेका उरतो. फेटणारं बहुधा घरातलं चौदा-पंधरा वर्षांचं कुणीतरी असतं. परीक्षा संपलेली, दुपार मोकळी. आतल्या खोलीतून कुणी विचारतं, "झाली का गं?" उत्तर येतं, "अजून रंग नाही आला."

रंग हीच इथली खूण. आधी वाटीत काळाकुट्ट, चिकट पाक असतो. चमचा फिरत राहिला की तो तपकिरी होतो, मग विटकरी, मग बदामी. एवढा पालट होतो, पण वाटीत नवं काही पडलेलं नसतं. शिरलेली असते ती हवा. चमच्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडी हवा पाकात अडकते. मोठे बुडबुडे तुटून लहान होतात, लहान आणखी लहान होतात आणि अशा असंख्य बारीक पडद्यांवरून उजेड विखरून परतू लागला की काळी कॉफी उजळ दिसते. चमचा वर उचलला तर टोकाशी एक मऊ शेंडा उभा राहतो. तो वाकला पण पडला नाही, म्हणजे फेस धरला. मग उंच ग्लासात बर्फ, त्यावर गार दूध आणि सगळ्यात वर हा बदामी गोळा. कुणी तो लगेच ढवळून टाकतं, कुणी दुधाचा पांढरा थर आणि वरचा बदामी थर वेगवेगळा राहू देऊन बाजूनं पाहत बसतं. पाहत बसणाऱ्यांची बाजू जास्त पटते. इतका वेळ हात चालवल्यावर त्याचं फळ डोळ्यांनाही थोडं मिळायला हवं.

प्रत्येक कॉफीला असा फेस धरत नाही. बिया दळून, फिल्टरमधून काढलेला दाट अर्क घेतला आणि तासभर घोटला तरी त्याचा शेंडा उभा राहायचा नाही. भाजलेल्या बीत तेल असतं, ते अर्कात उतरतं आणि तेलाचा बारीकसा थेंबही बुडबुड्याचा पडदा फोडायला पुरतो. इन्स्टंट कॉफी करताना कॉफीचा अर्क उंच मनोऱ्यात गरम हवेत फवारून वाळवतात. त्या पुडीत तेल जवळजवळ उरत नाही. उरतात ती थोडी प्रथिनं आणि भाजताना तयार झालेले मोठे, जड रेणू. हवेभोवती पडदा धरण्याचं काम तेच करतात. साखरेचं काम निराळं. ती पाक दाट करते, त्यामुळे बुडबुड्यांमधलं पाणी खाली ओघळायला वेळ लागतो आणि फेस टिकतो. म्हणून साखर नंतर घालू म्हणून नुसती कॉफी फेटली तर फेस येतो, पण भरभरीत, आणि लवकर बसतो. कॉफीच्या जाणकारांना इन्स्टंटचं नाव काढलेलं आवडत नाही. चवीपुरतं त्यांचं बरोबर आहे. वाळवताना सुगंधाचा मोठा भाग उडून जातो. फेसाच्या बाबतीत मात्र ही साधी पूड चांगल्या चांगल्या बियांना मागं टाकते. उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता फेसाची किंमत सुगंधाहून कमी नसते.

ही पूड जन्मली ती वैपुल्यातून. १९२९च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि ब्राझीलमध्ये न खपलेल्या कॉफीचे डोंगर साठले. तिथल्या सरकारनं कोट्यवधी पोती अक्षरशः जाळून टाकली. त्याच सुमारास ब्राझीलकडून स्वित्झर्लंडमधल्या नेस्ले कंपनीकडं विचारणा झाली की ही कॉफी टिकवून ठेवता येईल असं काही करता येईल का. माक्स मॉर्गेनथालर या रसायनतज्ज्ञानं त्यावर अनेक वर्षं काम केलं आणि १ एप्रिल १९३८ला नेसकॅफे स्वित्झर्लंडच्या बाजारात आली. हेतू एवढाच होता की गरम पाणी ओतलं की कप तयार व्हावा. तिला गार पाण्यात घुसळलं तर काय होतं, हे पाहायला आणखी १९ वर्षं जावी लागली.

ते घडलं ग्रीसमध्ये, थेसालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार जत्रेत, १९५७ साली. नेस्लेचे तिथले प्रतिनिधी मुलांसाठीचं एक नवं चॉकलेट पेय लोकांना दाखवत होते. दुधात पूड घालायची, झाकणाच्या भांड्यात जोरानं हलवायची, फेसाळ पेय तयार. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या दिमित्रिस वाकोन्दिओस यांना मधल्या सुट्टीत रोजची इन्स्टंट कॉफी हवी होती आणि गरम पाणी कुठंच मिळेना. समोर ते हलवायचं भांडं होतं. त्यांनी त्यातच कॉफी, साखर, गार पाणी आणि बर्फ घातला आणि हलवलं. बाहेर निघाली ती फेसाचा जाड थर असलेली गार कॉफी. ग्रीक फ्रापे तिथून सुरू झाली. एखाद्या देशाचं उन्हाळ्याचं पेय ठरवायला कुणी समिती नेमली नाही. एका थकलेल्या माणसाला गरम पाणी मिळालं नाही, एवढ्यानं काम झालं.

पुढं ती ग्रीसभर अशी पसरली की कॉफीहाऊसच्या बाहेरच्या खुर्च्या आणि फ्रापेचा उंच ग्लास वेगवेगळे आठवतच नाहीत. मागवताना गोडी सांगायची: बिनसाखरेची स्केतो, मध्यम मेत्रिओ, गोड ग्लिको. दूध हवं असेल तर आटवलेल्या दुधाची धार. पण तिची खरी ओळख पिण्याच्या वेगात आहे. एक ग्लास घेऊन माणसं तासतासभर बसतात. बर्फ वितळत राहतो, कॉफी पातळ होत जाते, वरचा फेस मात्र नळीच्या भोवती शेवटपर्यंत तग धरतो. ज्या पुडीचा जन्म घाई असलेल्या माणसासाठी झाला, तिनं तिथल्या लोकांना निवांत बसवलं. १९९०च्या दशकात तिथं यंत्रावरची एस्प्रेसो गार करून घुसळायची पद्धत आली, फ्रेदो एस्प्रेसो आणि फ्रेदो कापुचिनो. बऱ्याच तरुणांचा ओढा तिकडं गेला. पण घरच्या स्वयंपाकघरात यंत्र नसतं. पुडीची बाटली, झाकणाचं भांडं आणि बर्फ असतो.

हानोईची कथा याहून आधीची. १९४६मध्ये तिथं दुधाचा तुटवडा होता. मेट्रोपोल हॉटेलात काम करणारे न्युएन वान ज्यांग यांनी दुधाच्या फेसाऐवजी अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. ती अंड्याची कॉफी आज व्हिएतनाममध्ये गरमही मिळते, बर्फावर ओतूनही मिळते आणि ज्यांग यांच्या नावाचं कॅफे हानोईत अजून चालू आहे. अंड्याचं नाव ऐकून आपल्याकडं बरेच जण कप दूर सारतील. पण बलक नीट फेटला गेला की त्याचा वास राहत नाही. जिभेला लागते ती दाट, गोड साय.

या दोन हकीकती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. घरगुती फेस ज्यांनी ज्यांनी शोधला, त्यांच्याजवळ त्या घडीला काहीतरी नव्हतं. एकाला गरम पाणी नव्हतं, एकाला दूध नव्हतं. आपल्याकडच्या वाटी-चमच्याच्या कॉफीलाही हेच लागू पडतं. तिच्याजवळ यंत्र नव्हतं. मिलानच्या आकिल्ले गाज्जिया यांचं दांड्याचं यंत्र १९४८च्या सुमारास बाजारात आलं आणि दाबानं काढलेल्या कॉफीवर सोनेरी फेसाचा थर युरोपला दिसू लागला. भारतात तसली यंत्रं हॉटेलांतसुद्धा दुर्मीळ होती. इथं 'एस्प्रेसो' म्हणून जे रुजलं ते लग्नाच्या मांडवातलं पेय: चकचकीत टाकी, फुसफुसणारी वाफ, दुधात इन्स्टंट कॉफी, वर फेसाचा डोंगर आणि त्यावर भुरभुरलेली चॉकलेटची पूड. मांडवातून घरी आलेल्या माणसाला तो फेस पुन्हा हवा असे आणि घरी वाफ नसे. चमचा होता, मनगट होतं.

उत्तर भारतात या कॉफीला 'फेंटी हुई कॉफी' म्हणतात आणि महाराष्ट्रातल्या घरांनाही ती नवी नाही. म्हणून २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभर डाल्गोना कॉफीची लाट आली, तेव्हा इथल्या अनेक आयांनी मुलांच्या फोनवरचं चित्र पाहून ती लगेच ओळखली. त्या वर्षीच्या जानेवारीत चोंग इल-वू या कोरियन अभिनेत्यानं दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात मकावमध्ये ती कॉफी प्यायली आणि कोरियातल्या डाल्गोना नावाच्या जाळीदार साखरेच्या मिठाईची त्याला आठवण झाली. नाव तिथून मिळालं. लगेच टाळेबंदी आली, कॅफे बंद झाले, माणसं घरात अडकली आणि जगातल्या किती तरी स्वयंपाकघरांत एकाच वेळी चमचे फिरू लागले. त्या दिवसांत हातांना काहीतरी काम हवं होतं. मन लावून करता येईल, डोळ्यांसमोर बदलताना दिसेल आणि शेवटी गोड लागेल असं काम. फेटण्याचं काम त्यात अगदी बसलं. बाहेरच्या जगावर कुणाचा इलाज नव्हता, पण वाटीतला रंग मात्र हमखास बदलत होता.

मराठी घरात कॉफीचं स्थान चहाहून नेहमीच वेगळं राहिलं. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची, जागरणाची, पावसाळी संध्याकाळची. दुधातच उकळलेली, गोड, वर किसलेलं जायफळ. तिला कॉफी म्हणावं की कॉफीचा वास असलेलं दूध, असं दाक्षिणात्य शेजाऱ्यांना वाटत असेल. मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस १९३६मध्ये उघडलं तेही मंदीमुळेच. परदेशात न खपणारी भारतीय कॉफी इथल्याच लोकांना प्यायला लावावी, म्हणून कॉफीच्या सेस कमिटीनं ते काढलं. माटुंग्याला कॅफे मद्राससारख्या ठिकाणी पितळी पेला-वाटीतली फिल्टर कॉफी उंचावरून ओतली जाते आणि तिच्यावर फेस येतो. तो फेस दुधाचा असतो, कॉफीचा नव्हे. म्हणूनच अर्कातलं तेल त्याला फार आड येत नाही.

गार कॉफीला मात्र घरात यायला वेळ लागला, कारण तिची सामग्री एकेक करून यायची होती. पहिला बर्फ. मुंबईला तो एकेकाळी समुद्रावरून येत असे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला, लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेला. फ्रेडरिक ट्यूडर यांच्या जहाजानं १८३३मध्ये कलकत्त्याला बर्फ उतरवला आणि पाठोपाठ मुंबईलाही तो मिळू लागला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइसक्रीम दिलं, आणि त्यानंतर यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी मुंबई समाचारनं दिली, हे मुंबईच्या जुन्या हकीकतींत वाचायला मिळतं. घरच्या घरी बर्फ व्हायला पुढं शतकाहून अधिक काळ गेला. गोदरेजनं १९५८मध्ये देशातला पहिला फ्रीज बनवला आणि त्यानंतरही बराच काळ चाळीत किंवा वाड्यात एखाद्याच घरी फ्रीज असे. शेजारची मुलं भांडं घेऊन बर्फ मागायला येत. फ्रीजरला चिकटून बसलेला ट्रे सुटता सुटत नसे, मग नळाखाली धरून, आपटून तो सोडवायचा. ते तुकडे सगळ्यांना पुरवायचे असत, म्हणून ग्लासात दोनच पडत.

दुसरं, मिक्सर. परदेशी मिक्सर आपल्या वाटण-घाटणापुढं टिकत नव्हते. मुंबईत इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांनी घरचीच ही अडचण पाहून भारतीय स्वयंपाकाला पेलेल असा मिक्सर तयार केला आणि १९६०च्या दशकात सुमीत हे नाव घरोघरी जाऊ लागलं. ओलं खोबरं, डाळ आणि चटणी यांच्यासाठी आलेल्या त्या भांड्यात उन्हाळ्यात कॉफी, दूध, साखर आणि बर्फ पडू लागला. बर्फ पात्यांवर आदळण्याचा आवाज दुपारची झोप मोडत असे. भांडं आधी नीट घासलेलं नसेल तर कॉफीला लसणीचा पुसट वास यायचा. कॉफीसाठी वेगळं भांडं राखणाऱ्या घरांची शिस्त म्हणूनच मोठी वाटते. मिक्सरनं फेस पटकन आणि भरपूर येतो, पण बुडबुडे मोठे असतात. वाटीतल्या फेसाची वीण बारीक असते. दोन्ही पेये वेगळी मानावीत हे बरं.

तिसरं, दूध. इथं मुंबईचं ऋण आहे, आणि ते फारसं कुणी आठवत नाही. म्हशीचं दूध दाट, सहा-सात टक्के स्निग्धांशाचं. पण शहराच्या मानानं अपुरं आणि सामान्य माणसाला महाग. १९४०च्या दशकात मुंबईच्या दूधपुरवठ्याचं काम पाहणाऱ्या दारा खुरोडी यांनी त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश कमी केला. तेच टोन्ड दूध. जेवढ्या दुधात पूर्वी कमी घरं भागत, तेवढ्यात आता जास्त भागू लागली. १९६३मध्ये खुरोडींना व्हर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज पिशवीवर टोन्ड म्हणून लिहिलेलं असतं त्यात किमान तीन टक्के स्निग्धांश आणि साडेआठ टक्के इतर घन पदार्थ असावे लागतात. टंचाईवरचा हा उपाय फेसासाठी फार उपयोगाचा आहे. दुधाचा फेस धरतात प्रथिनं आणि मोडतो मोकळा स्निग्धांश. कमी स्निग्धांशाचं दूध जास्त फुलतं. भरघोस फेस हवा असेल तर टोन्ड, तोंडात रेंगाळणारी चव हवी असेल तर फुल क्रीम.

आपल्याकडं पिशवीचं दूधसुद्धा तापवायचंच, अशी बहुतेक घरांची रीत. ते गार झालं की वर साय येते आणि ती तुपासाठी वेगळ्या डब्यात जाते. गार कॉफीला उरतं ते साय काढलेलं दूध, आणि नेमकं तेच फेसाला मानवतं. मात्र गाळणी विसरायची नाही. सायीचा एक तुकडा जरी ग्लासात राहिला तरी तो ओठाला लागतो आणि पुष्कळ मुलं तिथंच ग्लास खाली ठेवतात. दूध फ्रीजच्या आतल्या कप्प्यातलं, हात लावल्यावर गारठा जाणवेल असंच हवं. कोमट दुधात स्निग्धांश अर्धा पातळ, अर्धा घट्ट असतो आणि अशा दुधाला फेस सगळ्यात कमी धरतो. घाईत नुकतंच तापवलेलं दूध बर्फात ओतून गार करणाऱ्यांच्या हाती पाणचट कॉफी येते ती दुप्पट कारणानं: फेसही नाही आणि बर्फही संपलेला.

बर्फाचा हिशेब कडक असतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून बर्फ इतकं गार करतो, आणि म्हणूनच गरम काही ओतलं की डोळ्यांदेखत नाहीसा होतो. मोठा खडा हळू वितळतो, चुरा लगेच. याला सगळ्यात चांगला घरगुती उपाय म्हणजे ट्रेमध्ये पाण्याऐवजी कॉफीच ओतून ठेवणं. खडे वितळले तरी ग्लासात कॉफीच उतरते. गोडीचंही तसंच. गारव्यात जिभेला गोड कमी लागतं. वितळलेलं आइसक्रीम चाखलं की साखर किती होती ते कळतं. गार कॉफीत साखर गरमहून थोडी चढीच लागते, आणि ती गार दुधात विरघळत नाही, तळाशी बसते. वाटीतली पद्धत इथंही शहाणी ठरते, कारण साखर आधीच कॉफीत मुरलेली असते.

बाहेरची कोल्ड कॉफी हे निराळं प्रकरण. पुण्यात कोथरूडला एमआयटीजवळच्या कॅफे दुर्गाची कोल्ड कॉफी कॉलेजच्या कित्येक पिढ्यांनी उभ्यानं, हातात ग्लास घेऊन प्यायली आहे. अनेक ठिकाणी तिचा दाटपणा आइसक्रीममधून येतो. आइसक्रीम हेही एक प्रकारे गोठवलेला फेसच. किती हवा भरायची याला कायद्यानं मर्यादा घातली आहे: एक लिटर आइसक्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम भरायला हवं आणि त्यात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के. म्हणजे डब्यातला जवळजवळ अर्धा भाग हवा असू शकतो. घरी एक गोळा व्हॅनिला मिक्सरमध्ये टाकला तर कॉफी गुळगुळीत होते, पण तिचा कडवटपणा झाकला जातो. गोळा वरून तरंगत सोडावा, कडेनं वितळू द्यावा; मग दर घोटाला चव थोडी वेगळी लागते.

हाताचा फेस पार्सलमध्ये जात नाही. वाटीतला गोळा फ्रीजमध्ये काही काळ तग धरतो, पण दुधावर घातल्यावर त्याची वीण सैल होऊ लागते. म्हणून ही कॉफी करणाऱ्याला घरात किती माणसं आहेत हे आधी मोजावं लागतं, आणि पिणाऱ्याला हाक मारल्यावर उठून यावं लागतं. पेपर वाचणारे आजोबा आले नाहीत तर त्यांचा ग्लास बसून जातो, मग पुन्हा हाक, पुन्हा "आलो आलो". उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरं जमली की वाटीऐवजी पातेलं निघतं, आणि फेटण्याचं काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं. कुणाचा हात भरून येतो, कुणी मध्येच बोट बुडवून चाटतं. जिथं रवीनं अजून ताक होतं, तिथं कुणाला तरी रवी आठवते. पातेल्यातल्या कॉफीला ती खरंच उपयोगी पडते.

अलीकडं काही घरांच्या फ्रीजमध्ये बरणीत काळं पाणी दिसू लागलं आहे. जाडसर दळलेली कॉफी गार पाण्यात १२ ते २४ तास भिजवून गाळलेली, म्हणजे कोल्ड ब्रू. गार पाण्यात आंबटपणा आणि कडवटपणा कमी उतरतो, त्यामुळे ती नुसतीही पिता येते. हल्ली लहान भाजणाऱ्यांकडून चिकमगळूरच्या, कूर्गच्या बिया घरपोच येतात. महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला ब्रिटिश काळापासून कॉफीची झाडं आहेत. फिरायला गेलेले लोक तिथून कधी पुडी आणतात. अशा कॉफीचा सुगंध वाटीतल्या पुडीला येणार नाही. पण कोल्ड ब्रूला फेस धरत नाही. कॅफेत नायट्रोजनचा वायू सोडून तो आणतात. घरी बरणी अर्धी रिकामी ठेवून, झाकण घट्ट लावून जोरात हलवली तर एक पातळ थर येतो आणि दोन घोटांत विरतो. यावर काही जणांनी मधला मार्ग काढला आहे: खाली बरणीतला काळा अर्क आणि बर्फ, वर चमचाभर फेटलेल्या इन्स्टंटचा फेस. शुद्ध कॉफीवाल्यांना ही भेसळ वाटते.

आणि जायफळ. गारव्यात वास दबतात, त्यामुळे दुधात घुसळलेलं जायफळ गार कॉफीत लागतच नाही. ते फेसावर किसावं लागतं, अगदी ग्लास हातात देताना, म्हणजे ते वरच अडकून राहतं आणि घोट घेताना नाकाशी येतं. किती किसायचं यावर मात्र एकमत होत नाही. जुन्या माणसांच्या मते जायफळानं गुंगी येते, तरुणांच्या मते कॉफीनं ती जाते, आणि दुपारी चार वाजता ओट्याशी किसणी हातात घेऊन कुणीतरी विचारत असतं, "तुला घालू का रे, की नको?"